वेसाईची खोळ

सोमवारी समिती येणार होती आणि शनिवारी हणमंतआबांनी महादेवाच्या देवळाला ऑइलपेंट मारला.

मी डेअरीवरून येत होतो. तेव्हा डेअरीवर दुधाची फॅट काढायचं काम होतं माझ्याकडे. मशीन धुतलं, पोत्याला हात पुसले, बाहेर आलो. बघतो तर देवळाचे खांब पिस्ता कलरचे. वरची कीर्तिमुखं गुलाबी, दात पांढरे, जीभ लाल. नंदी काळाभोर, चकाचक, बुटासारखा.

आबा खाली खुर्ची टाकून बसले होते. सरपंच असूनही पेंटरला डबा धरून देत होते.

"आबा, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजी? पावणं यायचं हायती. घरात लगीन निघालं की रंग देत न्हाय व्हय आपण?"

"आबा, समिती जुनं बघायला येतीय. जुनं!"

"मंग जुनंच हाय की. आतनं जुनंच हाय."

पेंटर हसला. मी तिथेच पायरीवर बसलो. पायरी पण ओली होती. पिस्ता.

आमचं गाव धामणवेस. घाटाच्या पायथ्याला आहे. पूर्वी कोकणातून मिठाचे बैल वर यायचे ते आमच्या वेशीतून. वेशीवर जकात द्यायची, मग आत पेठेत मुक्काम. ती वेस अजून उभी आहे. एसटी तिच्या कमानीतून जात नाही म्हणून बाहेरच थांबते. आत पेठेची एकच सरळ गल्ली, दोन्ही बाजूंना दगडी ओटे, टोकाला बारव, बारवेच्या वर महादेव. ओढ्याकाठी वीरगळांची रांग. त्यातल्या एकावर बायका धुणं धुवायच्या आणि एक उलटा करून मोरीत घातलेला.

हे सगळं कशाचं काय आहे ते मला कुणी शिकवलं नाही. बारावीत दोनदा गचकलो, मग रद्दीत एक फाटकं पुस्तक सापडलं, मूर्तींचं. मग व्हिडिओ बघितले. मग मोटरसायकलवरून आजूबाजूची गावं पालथी घातली. गावात मला दगड्या म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे.

त्या वर्षी वारसा गाव म्हणून तालुक्यातून एक गाव निवडणार होते. निवडलं की रस्ता, बारवेची दुरुस्ती, पाट्या आणि गावातलाच एक माणूस माहिती सांगायला, पगारी. तो माणूस मी असणार हे मी मनात ठरवून टाकलं होतं. अर्ज मीच लिहिला, फोटो मीच काढले.

पण फोटोतलं देऊळ आता पिस्ता झालं होतं. बारवेला तरुण मंडळानं महिन्यापूर्वी आतून सिमेंट फासलं होतं, श्रमदान म्हणून. वीरगळांना ग्रामपंचायतीच्या शिपायानं गेरू लावला होता. सगळ्यांनी मनापासून केलं. कुणावर ओरडणार?

राहिली वेसाई.

वेशीच्या उजव्या अंगाला, कमानीत शिरताना, कमरेएवढा एक दगड आहे. ती वेसाई. माझ्या लहानपणापासून बघतोय, नुसता शेंदराचा गोळा. थरावर थर, थरावर थर. वर चांदीचे डोळे. बायकांची देवी. पोटुशी बाई असेल तर दर मंगळवारी तिची ओटी भरायची, बाळंतपण सुखरूप होतं म्हणतात. त्या दगडाला कुणी रंग दिला नव्हता, फरशी लावली नव्हती. शेंदराच्या आत तो जसाच्या तसा होता.

त्याच्या दोन वर्षं आधी उन्हाळ्यात खालच्या बाजूला शेंदराचा पोपडा सुटला होता. त्यात मला एक खूर दिसला. जनावराचा. वरच्या अंगाला बोटांनी चाचपलं तर थराखाली सूर्य लागला, चंद्र लागला. घरी येऊन पुस्तक काढलं. काय आहे ते कळलं.

गावात कुणाला सांगितलं नाही. चारचौघात सांगण्यासारखं नव्हतं. फक्त समितीवरच्या सबनीस मॅडमना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. 'आपल्या भागात हे फार कमी आहेत. असलं तर गाव निवडीत नक्की बसेल. पण पूर्ण दिसायला हवं.'

पूर्ण दिसायला हवं म्हणजे शेंदूर निघायला हवा. आत जुनी मूर्ती आहे, शेंदूर काढायचाय, एवढंच आबांना सांगितलं.

* * *

"दिगू, खरवडणार म्हणं तुमी आईला?"

वनीताई चुलीपाशी पाय पसरून बसली होती. बाळंतपणाला आली होती माहेरी. तिसरी खेप. आधीची दोन पोटातच गेली. त्यानंतर सासूनं तिला सरळ सांगितलं होतं, आता काय झालं तर परत यायची तसदी घेऊ नको. आमच्या आईला हे माहीत नव्हतं, मला होतं. ताईनं आल्यापासून एक मंगळवार चुकवला नव्हता.

"खरवडत नाही गं. शेंदूर काढायचा. आत मूर्ती आहे, जुनी."

"मंग माझं होऊ दे की. दोन म्हैन्यानं काढा."

"समिती सोमवारी येतीय ताई. दोन महिन्यांनी नाही येणार."

"का? समिती पोटुशी हाय का?"

आई आतून हसली. मी पण हसलो. ताई नाही हसली.

"तुला म्हाईत हाय ना मी काय घेऊन बसलीय?" ती म्हणाली. "डॉक्टर म्हंतो सगळं चांगलं हाय. मागल्या दोन्ही बारीला बी सगळं चांगलंच हुतं. मला आता तिच्याबिगर कुणाचा भरवसा न्हाय. आन् तू तिला सोलायला निघालाय."

मी म्हटलं, "काही होत नाही त्यानं."

"व्हत न्हाय तर काढू नको."

भाकरी खाऊन उठलो.

तानूकाकूकडे गेलो. तानूकाकू म्हणजे वेसाईची गुरवीण. नवरा गेल्यापासून पूजा तीच करते. ती निवडत बसली होती, तांदूळ. तिनं मान वर न करताच सांगितलं.

"शेंदराची खोळ आई टाकती, पोरा. आपण काढायची नसती. तिच्या मनाला आलं की आपसूक सुटती."

"कधी सुटली होती?"

"माझ्या सासूच्या सासूनं बी बघितली न्हाय."

"मग कसं कळणार तिच्या मनात आहे का नाही?"

तेवढ्यात हणमंतआबा आले. त्यांच्या बोटांना अजून गुलाबी रंग होता. उंबऱ्यातच उभं राहून म्हणाले, "त्यात काय? कौल लावू. आई हो म्हणली तर काढायचं, न्हाय म्हणली तर मॅडमला चहा पाजून लावून देऊ. काय काकू?"

तानूकाकूनं सूप आपटलं, खडे उडवले. मग म्हणाली, "कौलाला कोण न्हाय म्हणंल?"

ताईला सांगितलं तर ती पण तेच म्हणाली. कौलाला कोण नाही म्हणेल.

* * *

सोमवारी मॅडम आल्या. एकट्याच, ड्रायव्हर घेऊन. साठीच्या पुढच्या, कॅनव्हासचे बूट, गळ्यात कॅमेरा. आधी देवळाकडे गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"हा रंग कधीचा?"

"परवाचाच की," आबा म्हणाले. "चांगल्या कंपनीचा घातलाय. धा वर्सं जात न्हाय."

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "तेच म्हणते मी."

बारवेत उतरल्या, सिमेंटवरून हात फिरवला, वर आल्या. वीरगळांपाशी गेल्या, बोटाला गेरू लागला तो रुमालाला पुसला. पेठेतून वेशीकडे येताना माझ्या बाजूला चालायला लागल्या.

"दिगंबर, माझ्याकडे लिहायला आता तुमचा तो एकच दगड आहे. ते तुम्हाला कळतंय ना?"

"हो मॅडम."

"गावाला माहितीये काय आहे ते?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. पण ते 'बरं' मला बरं वाटलं नाही.

वेशीत बायका जमल्या होत्या. पुरुष मागे, ओट्यांवर, नवीनच कायतरी बघायला मिळणार म्हणून. ताई पुढे, पायरीवर, मांडीवर ओटीचं ताट. नारळ, तांदूळ, हळकुंड, हिरवा खण. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

तानूकाकूनं दगडाला पाणी घातलं, कुंकू लावलं. कण्हेरीची दोन फुलं ओली करून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवली. एक उजवं, एक डावं. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

आबा वाकून कुजबुजले, "काकू, उजव्याला पाणी जरा कमीच लाव."

"आबा, इलेक्शन न्हाय ह्ये," तानूकाकू मोठ्यांदा म्हणाली. "मागं सरा."

ओट्यावरचे सगळे हसले.

"आये," तानूकाकूनं हात जोडले, "ह्या बाई लांबनं आल्यात. तुला बघायचं म्हंत्यात. तुझ्या मनात असलं तर उजवी दे. नसलं तर डावी दे. लेकराबाळांस्नी मधी घालू नगं."

वाट बघायला लागलो. चैत्रातलं ऊन. वेशीच्या कमानीत तेवढी सावली. ताईचे ओठ हलत होते. ती काय मागत होती ते मला माहीत होतं. ती डावं मागत होती. मी उजवं मागत होतो. एकाच आईचे आम्ही दोघं.

एसटी आली, बाहेर थांबली, चार माणसं उतरली, ती पण कमानीत येऊन उभी राहिली. "काय चाललंय?" "कौल." "आं." तीही फुलांकडे बघायला लागली.

उजवं फूल पडलं.

ताईनं ताट खाली ठेवलं आणि पदर पोटावरून ओढून घेतला. एवढंच.

तानूकाकूनं गोडं तेल कोमट करून आणलं होतं. म्हणजे दोन्हीची तयारी ठेवली होती म्हातारीनं. चांदीचे डोळे आधी काढून कुंकवाच्या करंड्यात ठेवले. मग कडेकडेनं तेल सोडत, चिंधी दाबत, बोटं आत घालत गेली. आम्हा कुणाला हात लावू दिला नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग पापड मोडल्यासारखा आवाज आला आणि पुढची अख्खी खोळ, सुपाएवढी, तिच्या मांडीवर उतरली.

तिनं ती लगेच पांढऱ्या धडप्यात गुंडाळली. आतली बाजू बघायची नसते. गाठ मारून बाजूला ठेवली, मग वर बघितलं.

दगड काळाशार. नवा असल्यासारखा. वर सूर्य, चंद्र, मध्ये कलश. खाली एक जनावर, चार पायांवर उभं. जनावराखाली बाई. आडवी. बाईचा चेहरा असा की आत्ता कोरलाय. अंबाडा, कानात मोठी कुंडलं, डोळे मिटलेले. बाकी अंगावर काही नाही.

मॅडम गुडघ्यांवर बसल्या.

बायका पुढे सरकल्या. वाकून, पदर सावरून, बघत राहिल्या. मग ताई बोलली.

"गाय हाय."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"बाई आडली हाय," ताई म्हणाली, "आन् गाय तिच्यावर हुबी ऱ्हायलीय. राखतीय तिला. उनातानातनं."

"व्हय गं बाई!" कुणीतरी म्हणालं. "गायच ती." "म्हणून तर बाळंतिणीची आई." हात जोडले गेले. एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. ताईच्या चेहऱ्यावर मी कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं असं काहीतरी आलं. म्हणजे झोप लागलेल्या माणसाच्या तोंडावर असतं तसं.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "कान बघितलेत?"

बघितले होते. लांब, उभे कान.

आबा पुढे आले. "गायच ना मॅडम? लिवा मग, गोमाता."

मॅडम उठल्या. गुडघे झटकले. "आबा, मी जे लिहीन ते उद्या इथं पाटीवर लागेल. शाळेची मुलं वाचतील. तेव्हा आत्ताच कळलेलं बरं."

आबांना काहीतरी वास आला. "मॅडम, बायका हायत्या हितं. नंतर हापिसात बोलू."

"मी पण बाईच आहे."

"तसं न्हवं..."

"दिगू," ताई म्हणाली. "तू सांग. काय हाय ह्ये?"

मला वाटलं होतं मॅडम सांगतील. मी फक्त बाजूला उभा राहीन. पण मॅडम काही बोलल्या नाहीत. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. दगड्या सांगणार.

"गाय नाही ताई. गाढव आहे."

"आन्?"

"पूर्वी राजा जमीन दान द्यायचा, देवळाला नाहीतर कुणाला. तिथं हा दगड रोवायचे. ही जमीन कुणी बळकावली तर..." मी थांबलो.

"तर काय?"

"तर त्याच्या आईवर गाढव जाईल. अशी शिवी आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना कळावं म्हणून चित्र काढायचे. ह्याला गधेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे शिवी."

मागे ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. "आयला, आन् आपल्या बायका हिला खण-नारळ..." आबांनी वळून बघितलं तसा तो गप्प झाला. बायकांतल्या दोघी-तिघी मागे सरकल्या. एकीनं दगडाला लावलेला हात लुगड्याला पुसला. तानूकाकू जागची हलली नाही. तिच्या मांडीवर तेलाची वाटी होती, ती तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"तुला कवापासनं ठावं हाय?" ताईनं विचारलं.

"दोन वर्षं."

"आन् मी दर मंगळवारी जात हुते."

"हो."

उठली. उठताना तिला वेळ लागायचा, एक हात कमरेवर, एक जमिनीवर. मी धरायला गेलो तर हात झटकला. दगडापाशी गेली. खाली बसली, अगदी जवळ. त्या कोरलेल्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिली.

मग मॅडमना म्हणाली, "ज्यानं जमीन लाटली, त्यो कुटं हाय ह्याच्यात?"

"तो नाही दाखवत," मॅडम म्हणाल्या.

"नुसती आईच?"

"हो. नुसती आईच. सगळीकडे असंच असतं."

"म्हंजी चोर सुटला."

मॅडमनी परत दगडाकडे बघितलं.

"हिनं काय केलं हुतं?" ताई म्हणाली. ती आमच्यापैकी कुणाला विचारत होती कळलं नाही. "पोरगं केलं. एवढंच ना?"

तिनं ताटातला हिरवा खण उचलला. घडी मोडली. दगडाभोवती हात घालायला तिला जमेना, पोट मधे येत होतं. तानूकाकूनं वाटी खाली ठेवली, पलीकडून टोक धरलं. दोघींनी मिळून तो खण बाईच्या गळ्याखालून नेसवल्यासारखा गुंडाळला आणि मागे गाठ मारली. तोंड तेवढं उघडं ठेवलं. गाढवाचं डोकं आणि कान वर राहिले, बाकी सगळं झाकलं गेलं.

मग ताईनं ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, नारळ. दर मंगळवारसारखीच. मघाशी हात पुसलेली बाई पुढे आली. तिच्या मागून बाकीच्या.

"आबा," ताई उठताना म्हणाली, "बघून झालं आसंल तर काकूला शेंदूर कालवू द्या. लई येळ झाला, उगडी हाय."

आबा मॅडमकडे बघायला लागले. मी पण.

"मला एक फोटो लागेल," मॅडम म्हणाल्या. "त्याशिवाय मला काही करता येणार नाही. खरंच सांगते."

"काढा की," ताई म्हणाली. "आत्ता हाय तसा काढा."

मॅडमनी कॅमेरा डोळ्याला लावला. खाली घेतला. परत लावला. एक फोटो काढला आणि झाकण बसवलं.

गाडीत बसताना मला म्हणाल्या, "तुमची बहीण काय शिकलीय?"

"सातवी."

त्यांनी मान हलवली. आणखी काहीतरी विचारतील वाटलं, पण ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती.

* * *

याला आता आठ-नऊ वर्षं झाली.

आमचं गाव बसलं नाही. दुसरं बसलं, घाटावरचं, त्यांच्याकडे रंग द्यायला पैसे नव्हते. मॅडमच्या अहवालात आमच्याबद्दल अर्धं पान आहे. खाली फोटो. सूर्य, चंद्र, कलश, दोन लांब कान, मिटलेल्या डोळ्यांचा एक चेहरा आणि हिरवा खण. 'खालील शिल्प वस्त्राने आच्छादित, स्थानिक पूजेत.' तेवढंच. मी डेअरीच सोडली पुढे, आता तालुक्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी कुणी आलं तर गाव दाखवतो, फुकट. देवळाचा पिस्ता अजून गेलेला नाही. आबा खरं बोलले होते.

ताईला मुलगी झाली. वेसाईनं दिली असं ताई म्हणते, सिझरनं झाली असं मी म्हणतो. ह्यावर आमचं दर दिवाळीला भांडण होतं.

त्या दिवसातलं एक राहिलं.

खोळ उतरली की दिवस मावळायच्या आत वाहत्या पाण्यात सोडायची असते. पाण्यापर्यंत ती बायकांनी न्यायची नसते. म्हणून मॅडम गेल्यावर तानूकाकू मला म्हणाली, "चल रं, तुझ्यामुळंच निघालीय." गाठोडं जड होतं, तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांवर घ्यावं लागलं. ती पुढे, मी मागे. नदीला पाणी कमी होतं पण डोहात होतं. तानूकाकू काठावरच्या खडकावर बसली. मी पँट दुमडून आत गेलो.

"सोड धडप्यातनं. कापड माघारी आण," ती म्हणाली.

गाठ सोडली. खोळ उलटी होती, आतली बाजू वर. बघायची नसते हे माहीत होतं. बघितलं.

साच्यासारखं सगळं उमटलं होतं, उलटं. खोल गेलेला सूर्य, चंद्र. गाढवाचे कान, गाढवाचे पाय, एकेक खूर. बाईचा चेहरा पण, मिटलेल्या पापण्यांसकट, कानातल्यासकट. शेंदूर आतून काळपट झालेला, पण रेघ न् रेघ.

आणि गळ्याच्या खाली काही नव्हतं. म्हणजे अंग नव्हतं. तिथं नुसतं बारीक चौकड्यांसारखं काहीतरी होतं. उजेडाकडे धरलं. आडवे धागे, उभे धागे. वीण. जाडंभरडं लुगडं असावं. कापड कधीच कुजून गेलं होतं, पण शेंदरानं त्याचा ठसा धरून ठेवला होता. एका कडेला काठाच्या तीन रेघा दिसत होत्या. आणि दुसऱ्या कडेला, जिथं गाठ आली असेल तिथं, एक खळगा.

त्यावर पहिला थर. मग त्यावर गावातल्या सगळ्या मंगळवारांचे थर.

"काकू," मी ओरडलो. "आधी कापड आहे आत! शेंदराच्या आधी कुणीतरी कापड गुंडाळलंय तिला!"

तानूकाकू तिकडे तोंड करून बसली होती, नियमाप्रमाणे. तिनं वळून पण बघितलं नाही.

"मंग?" ती म्हणाली. "तशीच ठेवायची व्हय तिला?"

फोन माझ्या खिशात होता. हात ओले होते.

"दिवस चालला," ती म्हणाली.

मी खोळ पाण्यावर ठेवली. थोडा वेळ तरंगली, परातीसारखी. मग एका बाजूनं पाणी आत शिरलं.